दिवा ओटीवर की आत

माझी लुगडी रोज नाटकगृहात जायची. मी मात्र लग्नाला किती वर्षं लोटली तरी त्याच्या दारातसुद्धा पाऊल टाकलं नव्हतं.

आमचे यजमान त्या नाटकगृहाचे मालक. कल्याणच्या बंदराकडे भाताची एक पडीक वखार होती, ती घेऊन त्यांनी आत रंगभूमी उभारली, पडदे रंगवून घेतले, गाणारे नट जमवले. कुणी कुठलं पद कुठल्या सुरात म्हणायचं, राजानं कुठे वळायचं, पेटीवाल्यानं कुठे श्वास घ्यायचा, सगळं तेच बसवायचे. खेळ असला की ठाण्याची मंडळी आगगाडीनं यायची, शहाड-विठ्ठलवाडीकडच्या बैलगाड्या सोडलेल्या असायच्या. वखारीतला भात गेला, पण वास काही गेला नाही. खेळ पाहून आलेल्या माणसाच्या अंगरख्याला तुसाचा वास येई. मी त्या वासावरूनच ओळखायची, शेजारचे भावोजी काल कुठे होते ते.

मग मीच का नाही गेले? अहो, मालकाच्या घरची बाई नाटकात बसलेली दिसली असती तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. घरात सासूबाई होत्या तोवर त्या तरी बोलायला होत्या. त्या गेल्या, मूलबाळ नाही, मग मी आणि भिंती. खेळाच्या जाहिराती छापून आल्या की गठ्ठे आमच्या माजघरात ठेवत. त्यातली एक समोर धरून मीच माझी अक्षरं लावली. पहिला शब्द वाचता आला तो ‘आज’, कारण प्रत्येक जाहिरात तिथूनच सुरू व्हायची. अजून लिहायला बसले की माझा ‘आज’ तसाच येतो, छापल्यासारखा जाडजूड.

नायिकेचं काम करणारे गृहस्थ चांगले तिशी उलटलेले, रोज सकाळी मिशी उतरवणारे. लुगडं न्यायला तेच यायचे.

“वहिनी, आज ते अंजिरी द्या. काल हिरवं नेसलो तर पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं, ‘आली भेंडी!’”

“मग खांदे पाडून चाला हो जरा. दांडपट्टा खेळायला निघाल्यासारखे चालता.”

ते माजघराच्या दाराशी बसून पदर घ्यायला शिकायचे आणि मी आतून सांगायची. दिवसभरात तेवढंच काय ते माझं बोलणं. नाही म्हणायला दिवेलागणीला आणखी एक वाक्य असायचं.

यजमान नाटकगृहाकडे निघाले की मी विचारायची, “इकडचं येणं होईल ना आज? म्हणजे दिवा ओटीवर ठेवायचा की आत, ते कळेल.” तेव्हा आम्ही नवऱ्याला असंच ‘इकडे’, ‘इकडून’ म्हणायचो. यायचे असले तर ओटीच्या पायरीवर उजेड हवा. यायचे नसले, तिकडेच पडदे गुंडाळून निजायचे असले, तर तेल कशाला जाळा? एवढाच प्रश्न. पण त्याला उत्तर कधी मिळालं नाही. चपला घालायचे, ओठांत कुठलंसं पद घोळत असायचं, आणि निघायचे. मला वाटायचं, ऐकूच जात नाही. मग मी दिवा रोज ओटीवरच ठेवायची.

आमच्याकडे मागल्या दाराला एक कोळीण मासळी घेऊन यायची. ती कुणाला भिणारी नव्हती. प्रत्येक खेळाला बायकांत पुढे बसायची आणि दुसऱ्या दिवशी बोंबील निवडता निवडता सगळं नाटक मला सांगायची. राजा मेला की सुरी खाली ठेवून डोळे पुसायची. एके दिवशी आली ती पाटी न उतरवताच म्हणाली,

“अगो बाय, काल तुजा लुगरा नेसून त्यानी तुजाच बोलना केला!”

“माझं कसलं बोलणं?”

“दिव्याचा! भायेर ठेवू का आत ठेवू. आख्खी बायामानसा रडली गो.”

संध्याकाळी पैसे न्यायला यायची तेव्हा कोळणीनं ते वाक्य कितीदा आमच्या मागल्या दारातून ऐकलेलं, तिला बरोबर कळलं. मी हसले. ती गेल्यावर मात्र चुलीवरची आमटी आटून गेली तरी मला समजलं नाही. म्हणजे ऐकू जात होतं तर! आणि ऐकलं असेल, तर नाटकात त्या बाईला नवरा काहीतरी म्हणत असेलच की. तो काय म्हणतो? मला तेवढंच हवं होतं. कोळणीला विचारायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाटकगृहाचा गडी यजमानांचं जेवण न्यायला आला, तर मी त्याला म्हटलं, तू बस, आज मीच नेते. डोक्यावरून शाल घेतली नि डबा घेऊन निघाले. वखारीच्या मागल्या दारानं आत शिरले. आत अंधार, आणि तुसाचा वास. रंगवलेल्या राजवाड्याच्या मागे उभी राहिले. पुढे तालीम चाललेली.

नायिकेचं वाक्य आलं. अगदी माझंच, ‘इकडचं येणं’ सकट.

“तसं नाही!” यजमानांचा आवाज. “रागानं काय म्हणतोस? ती रागावलेली नाही. रोज विचारून सवय झालीय तिला. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे. ‘दिवा’ म्हणून जरा थांब, आणि मग पुढचं म्हण. त्याच्याकडे बघू नकोस, त्याच्या चपलांकडे बघ.”

डबा माझ्या हातात होता म्हणून बरं, नाहीतर हातांचं काय करावं कळलं नसतं. मी चपलांकडे बघते हे मलाही ठाऊक नव्हतं.

मग राजाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, काम करणारा म्हणाला, “मालक, यावर मी काय बोलू? तालमीत रोज अडतो, आणि परवाच्या खेळात नुसता उभा राहिलो.”

मी कान देऊन उभी.

“तू काही बोलत नाहीस,” यजमान म्हणाले. “इथे पडदा पडतो.”

मी डबा राजवाड्याच्या पायाशी ठेवला आणि घरी आले.

त्या संध्याकाळी मी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन-चार संध्याकाळी तशाच गेल्यावर ते एकदा चपला घालून उंबऱ्याशी थांबले.

“आज काही विचारलं नाहीस?”

“काय?”

“ते... दिव्याचं.”

“ते आता तिकडे विचारतात,” मी म्हटलं.

ते उभेच राहिले. पेटीवर सूर धरावा तसा तोंडातला शब्द धरून ठेवल्यासारखे दिसले. मग गेले.

त्यानंतरच्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी कोळीण तणतणत आली. “काडून टाकला गो तो बोलना! दिवा नाय नि काय नाय. लोका वाट बगतान, नि हा सरल गाना बोलतो!”

मी मासळी घेतली, धुतली. माझं वाक्य त्यांनी मला परत पाठवलं होतं. दुसरं काय देणार? बसवता येत होतं तेवढं त्यांनी बसवलं, उत्तर काही बसवता आलं नाही. पण परत आलेलं ते वाक्य मला पुन्हा तोंडात घेता येईना. म्हणायला गेले की ‘दिवा’ म्हटल्यावर जरा थांबायचं असतं, हे आठवायचं.

पुढे ते नाटकगृह मोडलं, वखारीत पुन्हा भात आला. यजमान घरीच असायचे, संध्याकाळी ओटीवर बसायचे. मी दिवा आणून ठेवायची आणि आत जायची. चपला कोपऱ्यात असायच्या.