विमान वळलं तेव्हा आई कुठे होती?

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि अशा अनुभवांखाली 'भास असेल' ही पहिली कमेंट बहुधा माझीच असायची.

गेल्या वर्षीची गोष्ट. आम्ही वाघोलीत राहतो. आईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ आम्हाला कळला. धाकटा भाऊ नितीन टोरांटोला. अंतर साडेबारा हजार किलोमीटर; दिल्लीत विमान बदलून पुण्याला यायचं म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. पुढे वाघोलीचं ट्रॅफिक, त्याचा हिशोब वेगळा! त्याच्या हातून शेवटचं पाणी मिळावं, एवढीच आईची इच्छा होती. "नितीन निघालाय" म्हटलं की डोळे उघडायची. तेवढ्यावरच तग धरून होती...

दुपारी मी तिचा हात धरून बसले होते. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर नकाशात सरकणारं नितीनचं विमान. माझे मिस्टरही तिथेच होते. सकाळपासून आई एक शब्द बोलली नव्हती. अचानक खणखणीत आवाजात — ती शाळेत शिक्षिका होती, अगदी तोच आवाज — म्हणाली,

"नितीन, चिडचिड नंतर कर. आधी त्यांना पाणी दे."

तिलाच तहान लागली असेल, म्हणून मी चमचा ओठांशी नेला. तिने मान फिरवली.

"मला नको गं. त्या बाईंना."

थोड्या वेळाने नकाशावर विमान भलत्याच शहराकडे वळलेलं दिसलं. "ॲप गंडलं असेल," मिस्टर म्हणाले. संध्याकाळ व्हायच्या आत आई गेली.

नितीन दुसऱ्या दिवशी पोचला. आईचं ते बोलणं मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. तोच रडत सांगायला लागला — शेजारच्या सीटवरच्या वयस्कर बाई अत्यवस्थ झाल्या, म्हणून विमान मधेच उतरवावं लागलं.

"ताई, मी त्यांच्यावर चिडलो गं. यांच्यामुळे आई भेटणार नाही, एवढंच डोक्यात. त्या पाणी मागत होत्या आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मग कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखं झालं. वळलो, माझीच बाटली त्यांच्या तोंडाला लावली."

मिस्टर माझ्याकडे बघत राहिले. मग मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे शेवटीही मी ओरडाच खाल्ला," म्हणाला, आणि हमसून हमसून रडला.

सगळे तर्क करून झालेत. योगायोग म्हणावा, तर 'त्या बाईंना' हे शब्द आडवे येतात. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. आणि खरं सांगू? मला त्याचा हेवा वाटतो. आजारपणात तिचं सगळं मी केलं. त्या दुपारी उशाशी मी होते, तिचा हात माझ्या हातात होता... आणि आई मात्र त्याच्याजवळ होती.