पंधरावं नाव

सुवर्णाबाईंनी अकोल्याच्या सहकार खात्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं एकच काम केलं. लोकांच्या कागदांतल्या चुका काढायच्या. नवी सहकारी संस्था काढायची तर वेगवेगळ्या घरांतली निदान दहा माणसं लागतात, आणि लोक काय करत? तीन भाऊ, त्यांच्या तीन बायका, एक मेहुणा, आणि कधीकधी वर्षापूर्वी वारलेले आजोबासुद्धा यादीत घालत. बाईंची लाल पेन्सिल या सगळ्यांना वेचून बाहेर काढी आणि वर त्रुटीपत्र जोडून प्रस्ताव परत पाठवी. लोक मागे शिव्या घालत, पण पुढच्या खेपेला कागद नीट आणत.

अशी ही बाई अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला मुलाकडे आली आणि दोन वर्षांत न वाचता सह्या करायला लागली. शंतनू कागदावर बोट ठेवायचा. "आई, इथे. आणि इथे इनिशियल्स." बँकेचा कागद असो, विम्याचा असो की ग्रीन कार्डाचा, बाई बोटाखाली सही करून मोकळ्या व्हायच्या. वाचायला चष्मा शोधावा लागतो आणि चष्मा शोधायचाही कंटाळा यायचा. आता एकच मोठी सही उरली होती. अकोल्याच्या मैत्री सोसायटीतला फ्लॅट विकून टाकावा असं शंतनूचं म्हणणं होतं. ती सोसायटी बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी, गुरुनाथरावांनी, दहा घरं गोळा करून उभी केली होती. सभासदांच्या नोंदवहीत यजमानांच्या जागी आता बाईंचं नाव होतं, क्रमांक तीन. गुरुनाथराव जाऊन चार वर्षं झाली होती आणि फ्लॅट बंद पडून होता, हे खरंच होतं. शंतनूचं काहीच चुकत नव्हतं. नेत्रा, सून, तीही गुणाची होती. सहा वर्षांची नात स्वानंदी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची, पण गळ्यात पडायची. तक्रारीला जागाच नव्हती, आणि माणूस त्यानंच जास्त थकतो.

शेजारच्या टाउनहाउसमध्ये मर्सी राहायची. मूळची फिलिपिन्सची, इथे नर्सिंग होममध्ये नर्स. रात्रपाळी करून ती सकाळी परतायची तेव्हा बाई टपाल आणायला निघालेल्या असायच्या. टपालपेट्यांपाशी दोघी जांभया देत उभ्या राहायच्या. झोप झालेली माणसं एकमेकांना 'हाय' म्हणून पुढे जातात; दमलेली थांबतात. मर्सी बाईंना 'तिता' म्हणायला लागली. तिता म्हणजे मावशी.

एका सकाळी मर्सीच्या हातात जाडजूड लिफाफा होता. तिच्या बेटावरच्या बायका मासे सुकवून विकतात. व्यापारी एकच, तो म्हणेल तो भाव. म्हणून मर्सीनं मनावर घेतलं होतं की बायकांची सहकारी संस्था काढायची. तिनं तिथून कायदा मागवला होता.

"तिता, हे इंग्रजी आहे, पण मला कळत नाही," ती म्हणाली.

बाईंना दुकानात 'हाऊ यू डुइंग' विचारलं की जीभ टाळ्याला चिकटायची. पण हे इंग्रजी त्यांच्या घरचं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी याच्याशीच संसार केला होता. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि तिथेच, टपालपेटीपाशी, पर्समधून पेन्सिल काढली.

गुरुवारी मर्सीला सुट्टी असायची. चार गुरुवार त्या मर्सीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. या कायद्यात दहा नव्हे, पंधरा माणसं लागत होती. संस्थेचा मूळ दस्तऐवज, उपविधी, धंदा चालेल की नाही याची पाहणी, खजिनदाराचा जामीन. बाकी सगळं ओळखीचं. येणाऱ्याला दार उघडं, कुणावर सक्ती नाही. एक सभासद, एक मत. जिची होडी आहे तिलाही एक आणि जिच्याकडे नुसती टोपली आहे तिलाही एकच. सात समुद्रांपलीकडच्या सरकारनंही हेच लिहून ठेवलंय याचा बाईंना फार आनंद झाला. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा भात वाढून घेतला, आणि नेत्रानं शंतनूकडे पाहिलं.

चौथ्या गुरुवारी यादी आली. चौदा बायका त्याच गावच्या. पंधरावं नाव मर्सीचं.

बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी कलम पुन्हा वाचलं. सभासद फिलिपिन्सचा नागरिक हवा, आणि संस्थेच्या हद्दीत राहणारा किंवा काम करणारा हवा.

"मर्सी, तू इथली सिटिझन झालीस ना?"

"गेल्या वर्षी. केक आणला होता मी, तुम्ही खाल्लात."

"मग तुझं नाव चालणार नाही."

मर्सी हसली. बाई हसल्या नाहीत तेव्हा थांबली. "पण तिता, कल्पना माझी आहे. माझं घर आहे तिथे. किल्ली आहे माझ्याकडे."

"घर आहे. तू नाहीस."

हे वाक्य बाईंनी आयुष्यात शंभर जणांना ऐकवलं असेल, पुण्या-मुंबईला जाऊन गावच्या संस्थेत नाव लावणाऱ्यांना. कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र बोलून झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नागरिकत्व परत घेता येतं," मर्सी म्हणाली. "शिकागोच्या कॉन्सुलेटमध्ये शपथ देतात."

"घे की. पण राहायला जाशील?"

मर्सीनं फ्रिजवर लावलेल्या ड्युटीच्या तक्त्याकडे पाहिलं. तिथे पुढचे दोन महिने भरलेले होते. मग तिनं पेन घेऊन स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे जाळी विणणाऱ्या विधवा आत्याचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

बाई घरी आल्या तर जेवणाच्या टेबलावर कागद पडला होता. शंतनू म्हणाला, "आई, तो पॉवर ऑफ ॲटर्नीचा. सोसायटीचा राजीनामापण आहे खाली. माझा मित्र विनय सोमवारी इंडियाला चाललाय, त्याच्याबरोबर पाठवतो. इथे सही कर."

त्यानं बोट ठेवलं. बाईंनी चष्मा शोधला. बराच वेळ सापडला नाही, तो डोक्यावरच होता. मग त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"अगं, स्टँडर्ड फॉरमॅट आहे," शंतनू म्हणाला.

सगळे कागद तसेच असतात. बाईंनी शेवटपर्यंत वाचलं आणि समासात लाल पेन्सिलीनं, कचेरीतल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'त्रुटी. सभासदास विचारलेले नाही. प्रस्ताव परत.'

शंतनूनं वाचलं. त्याला आधी हसू आलं, मग आलं नाही. तो खुर्ची ओढून बसला.

"तुला परत जायचंय का, आई?"

"माहीत नाही रे." त्यांचा आवाज दमलेला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "पाय दुखतात, तिथे जिने आहेत. बहुतेक नाहीच जायची मी."

"मग?"

"मग काही नाही. त्या वहीत तिसरं नाव माझं आहे. ते कुणी खोडायचं, तर मी खोडीन."

शंतनूनं कागद उचलला, घडी घातली आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून बसला. बाई उठल्या. स्वानंदीची शाळेची बस यायची वेळ झाली होती.