निंगव्वाची जागा सोडून

रेवणअण्णांबरोबर चहा प्यायलेला माणूस सोलापूरच्या अख्ख्या नव्या पेठेत शोधून सापडणार नाही. माझं झेरॉक्सचं दुकान जिन्याखाली, त्यांची कामाची खोली जिन्यावर. एकोणीस वर्षं मी त्यांचे कागद स्कॅन करते आणि एकोणीस वर्षं विचारते, "अण्णा, चहा?" ते हात हलवतात आणि वर जातात. आधी मला वाटायचं, माणूस शिष्ट आहे. एकदा तोंडावर म्हणूनही टाकलं. तर नुसते हसले.

त्यांचा तीस वर्षांचा धंदाच तसला. सरकारी टेंडर निघालं की ठेकेदाराच्या वतीनं प्रस्ताव लिहायचा. काम कसं करणार, माणसं किती लावणार, मागाहून देखभाल कोण बघणार, सगळं त्यात यायला हवं. आधी रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याचे पंप असायचे, अलीकडे जे ते सोलर. गिऱ्हाइकं मोठी दोनच, अकलूजचे हिंदुराव आणि सोलापुरातलेच बंदेनवाजभाई. दोघं एकमेकांचे कट्टर स्पर्धक, आणि दोघांचेही प्रस्ताव अण्णाच लिहायचे. हिंदुरावांनी सोमवारी यायचं, बंदेनवाजभाईंनी गुरुवारी. दोघांना एकमेकांचं ठाऊक होतं, पण कुणी तोंडातून शब्द काढत नसे. कामाचे दर ज्यानं त्यानं आपले आपण भरायचे, अण्णा तिकडे बघतही नसत. एकाबरोबर चहा घेतला तर दुसऱ्याला काय वाटेल, म्हणून कुणाबरोबरच घ्यायचा नाही. लग्नाचं आमंत्रण आलं तर अक्षता टाकायच्या आणि पंगत बसायच्या आत निघायचं. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरी जाऊन एकट्यापुरता भात लावायचा.

लिहायचे मात्र झकास. हिंदुरावांचा प्रस्ताव त्यांच्यासारखाच तुटक, कामाशी काम. बंदेनवाजभाईंचा अदबीचा, "विनंतीपूर्वक कळवितो की" वगैरे. दोन्हींमागे एकच हात आहे, हे कुठल्या साहेबाच्या बापाला कळलं नसतं. आणि जागा पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. एसटीनं जायचं, टेप लावून मोजायचं, सावली कुठं पडते ते उभं राहून बघायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. स्क्रीनकडे फार वेळ बघवेना, तेव्हा एआय मीच त्यांच्या कॉम्प्युटरवर लावून दिलं. म्हटलं, तुम्ही बोला, ते लिहील. पहिले चार दिवस अण्णा त्याला अहो-जाहो करत होते. मी चेष्टा केली तर म्हणाले, "कामाला ठेवलेल्या माणसाला अरेतुरे करत्यात व्हय?" पुढं पुढं वरून दुपारभर बोलण्याचा आवाज येऊ लागला. मला वाटायचं, टेंडरचंच चाललंय.

गेल्या वर्षी अकरा शाळांना सोलर बसवायचं टेंडर निघालं. त्यात कुंभारीजवळच्या एका वस्तीवरची शाळा होती. तिचं पत्र्याचं छप्पर पॅनेलचं वजन पेलणारं नव्हतं, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत खांब रोवायचे आणि भोवती तारेचं कुंपण घालायचं ठरलेलं. अण्णा जागा बघून आले, एआयकडून दोन्ही प्रस्ताव करून घेतले, मी अपलोड केले. दोन्ही ठेकेदारांची वर्षभराची भिस्त त्या कामावर होती.

महिन्याभरानं दोघांनाही कचेरीची नोटीस आली. तुमच्या आणि तुमच्या स्पर्धकाच्या प्रस्तावात एक वाक्य जसंच्या तसं आहे, तेव्हा तुम्ही संगनमत केलं असं का समजू नये? सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर काळ्या यादीत नाव जाईल. ते वाक्य खाली छापलं होतं: "शाळेच्या मागच्या भिंतीशी दुपारी निंगव्वा नावाच्या आजी सावलीला बसतात, तरी कुंपण घालताना त्यांची जागा सोडावी."

दोघंही खुलासा लिहून घ्यायला अण्णांकडेच आले, अर्थात वेगवेगळे. नोटिसांच्या प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या. दुसरी निघाली तशी मी तडक जिना चढले.

"अण्णा, ही निंगव्वा कोण?"

"जागा मोजताना भेटली," अण्णा म्हणाले. "ऊन लई हुतं. ये, बस म्हणाली. तासभर बसलो. लई वर्सांनी कन्नडमधी बोललो बघ. घरात पत्रा तापतोय, आन् हितं पोरांचा आवाज येतोय, म्हणून हितं बसते म्हणाली. निघताना म्हणाली, नाळे बरतीयेनो? उद्या येशील का? मी येतो म्हणालो."

"ते टेंडरमध्ये कसं आलं?"

"त्याला सांगितलं हुतं मी." त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "सहज. परत आल्यावर कुणाला तरी सांगावं वाटलं. त्यानं दोन्हीत घातलं."

"आणि तुम्ही वाचलं नाहीत?"

"वाचलं की. दोन्हीत वाचलं. काढू वाटलं न्हाय."

मला त्यांचा संताप आला. तीस वर्षं ज्यानं दोघांचं गुपित पोटात ठेवलं, त्यानं असा गाढवपणा करावा? मग माझीच मला लाज वाटली. कुणाला तरी सांगावं वाटलं, तेव्हा मी बारा पायऱ्या खाली होते.

खुलासे एआयनं लिहून दिले होते. अण्णांनीच मागितले होते. एकात हिंदुरावांचा सुपरवायझर आजींना भेटलेला, दुसऱ्यात बंदेनवाजभाईंचा इंजिनियर. दोन्ही गुळगुळीत, कुठं बोट ठेवायला जागा नाही.

"दोन्ही खरंच वाटतंय, बघ की," अण्णा म्हणाले. "पर तिच्याजवळ मी बसलो हुतो."

त्यांनी ते दोन्ही पुसले आणि कोरा कागद घेऊन हातानं लिहिलं: दोन्ही प्रस्ताव मी तयार केले, त्या आजींना मी स्वतः भेटलो, ठेकेदारांना एकमेकांच्या प्रस्तावातलं काही माहीत नव्हतं, चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. तीस वर्षांत त्यांचं नाव टेंडरच्या कागदावर पहिल्यांदाच येत होतं. ते पत्र मीच स्कॅन करून कचेरीला पाठवलं.

काळ्या यादीतून दोघं वाचले, पण दोघांचेही प्रस्ताव बाद झाले. हिंदुराव जिन्यातच ओरडले, "अण्णा, तुमी त्याचंबी लिवताय, हे मला ठावं हुतं की! पर ते कागदावर कशाला आणलं?" बंदेनवाजभाई भांडले नाहीत. गुरुवारी आले, आपल्या फायली घेतल्या, दारात "खुदा हाफिज, अण्णा" म्हणाले आणि गेले. अण्णांना ते जास्त लागलं. आता दोघंही मोबाइलवर एआयशी बोलून आपापले प्रस्ताव करून घेतात. अण्णांना आता कुणाबरोबरही चहा घ्यायची मोकळीक होती, पण जिना चढून कुणी येईना.

पुढं तेच टेंडर नव्यानं निघालं. मी सहज उघडलं, तर अटींमध्ये चौदावी अट होती: "शाळेच्या मागच्या भिंतीलगतची जागा कुंपणाबाहेर ठेवावी." मी धावत वर गेले आणि वाचून दाखवली. अण्णांनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"तिचं नाव काढलंय," ते म्हणाले. "बरं झालं पर."

मध्यंतरी नणंदेकडे कुंभारीला गेले होते. परतताना रिक्षा त्या शाळेवरून वळवली. पॅनेल लागले होते, आणि भिंतीपाशी कुंपण खरंच आत वळलं होतं. त्या सावलीत अण्णा बसले होते, एकटेच.

"आजी कुठं?"

"अक्कलकोटला लेकीकडं गेलीय म्हणं. येईल की. मी उद्या येतो म्हणालो हुतो, यायला वरीस लागलं." मग म्हणाले, "सोमवारी आन् गुरुवारी येतो मी हितं."

आत पोरं पाढे म्हणत होती. अण्णा थोडे बाजूला सरकले आणि शेजारच्या फरशीवरची धूळ हातानं झाडली.

"बस की जरा, जगदेवी."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसायला सांगितलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, दुकान बंद ठेवून आले होते.

"पुढच्या गुरुवारी येते की, अण्णा," मी म्हणाले.

त्याला सहा गुरुवार झाले. दर गुरुवारी दहाच्या सुमाराला अण्णा कुंभारीला जायला जिना उतरतात, दुकानासमोर जरा थांबतात, आणि मी स्कॅनरवर वाकते.