अकरा इंजेक्शनं

आईचं ब्लडप्रेशर उतरत नव्हतं. रोज संध्याकाळी मी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळायचो, मशीन घुर्र करायचं आणि आकडा यायचा तो एकशे सत्तरच्या वरच. डॉक्टरांनी आधी गोळी बदलली, मग दुप्पट ताकदीची दिली. शेवटच्या वेळी तर चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "असंच राहिलं तर एक दिवस मेंदूत रक्तस्राव होईल." आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सांगितलं, सगळं ठीक आहे, फक्त लोणचं बंद. त्यावर तिने डॉक्टरांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला.

गोळ्यांचं खातं माझ्याकडे होतं. सात खणांचा प्लास्टिकचा डबा मी दर रविवारी भरायचो आणि रोज रात्री त्या दिवसाचा खण रिकामा आहे ना ते बघायचो. सातपूरच्या एका कंपनीत मी माल तपासायच्या विभागात आहे. जागा रिकामी दिसली की काम झालं, अशी खूण करायची सवय. खण रिकामा, म्हणजे गोळी पोटात. मग आकडा का उतरत नाही? कामावर असताना घरचा नंबर फोनवर दिसला की मी हातातलं काम टाकून बाहेर पळायचो आणि आई विचारायची, येताना कोथिंबीर आणतोस का.

या काळजीवर उतारा म्हणून मी गेम खेळायला लागलो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. गोष्ट पुढच्या काळातली. समुद्र वर चढलाय, उंच इमारतींत एका कंपनीची माणसं राहतात, खाली बाकीचे. प्रत्येकाच्या मानेवर एक नंबर. आजारी पडलं की गुण कापले जातात, गुण संपले की फाटक बंद. औषध म्हणजे इंजेक्शन, तेही पडक्या दवाखान्यांत शोधावं लागतं. आपण एकेकाळचे फाटकावरचे पहारेकरी. सोबतीला एक लंगडा इलेक्ट्रिशियन, सतत कुरकुरणारा.

आईला हा इलेक्ट्रिशियन फार आवडला. ती त्याला मिस्त्री म्हणायची. रविवारी विहारातून आली, जेवणं झाली, की ती दिवाणावर पेपर पसरून भाजी निवडायला बसायची आणि मी तिला संवाद मराठीत सांगायचो. "हे लोक जेवतात कधी रे?" हा तिचा कायमचा प्रश्न. बाबा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. माझं लग्न तीन वर्षांत आटोपलं, त्यालाही बराच काळ झाला. एवढं सलग बोलणं आमचं फक्त या खेळापायीच व्हायचं.

आमच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. सायखेड्याच्या मावशीने दिलेल्या चादरी आठ वर्षं कपाटात प्लास्टिकच्या पिशवीतच आहेत, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की त्यांना जुन्याच चादरी मिळतात, कारण यापेक्षा मोठे पाहुणे येतील. मी या बाबतीत आईची खूप चेष्टा करतो. पण गेममध्ये माझ्या पिशवीत अकरा इंजेक्शनं साठली होती आणि मी स्वतः अर्धमेला होऊन भिंती धरत चाललो होतो.

त्या रविवारी आम्ही बंद पडलेल्या वीजकेंद्रातून चाललो होतो. वरून ड्रोन आलं आणि मिस्त्रीला लागलं. पडद्यावर प्रश्न आला, इंजेक्शन द्यायचं का? मी नको म्हटलं. माझा हिशेब असा, की गोष्टीतलं मुख्य माणूस आहे, मरणार नाही. आणि पुढे मोठी लढाई आहे. मिस्त्री उठलाही. दोन दारं ओलांडली, तिसऱ्या दाराशी भिंतीला टेकून बसला आणि परत उठला नाही. हा गेम आपला आपण सेव्ह होतो. मागे जाता येत नाही.

"उठत का नाही तो?" आईने विचारलं.

"गेला."

"तुझ्याकडं औषध होतं ना? किती होती?"

"अकरा."

चिडली की आईच्या बोलण्यात माहेरचा सायखेडा येतो. चाळीस वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवलेली बाई, पण तेव्हा सगळं विसरते. "अकरा! आन् येक नाय दिलं त्याला?"

"पुढे लागली असती."

"पुढं, पुढं! मानूस आत्ता मरून ऱ्हायला आन् तू पुढचं धरून..."

ती मध्येच थांबली. हातातली मेथीची जुडी तशीच पेपरवर ठेवून उठली आणि आत गेली.

मला वाटलं, येईल. पाच मिनिटं झाली. आतून भांड्याचा नाही, नळाचा नाही, कसलाच आवाज नाही. डॉक्टरांचा काढून ठेवलेला चष्मा मला दिसायला लागला. कंट्रोलर टाकून मी आत धावलो.

ती कपाटासमोर उभी होती. दार उघडं, पिशवीतल्या चादरी पुढे ओढलेल्या, आणि हातात हिंगाची एक जुनी डबी. डबी अर्ध्या गोळ्यांनी गच्च भरली होती. सुरीने नीट मधोमध कापलेल्या, काहींचा भुगा झालेला.

"हे काय आहे?"

"अर्ध्या आहेत," ती म्हणाली. "अर्धी रोज घेते मी."

म्हणजे वाढवलेला डोस तिने परत होता तिथे आणून ठेवला होता आणि मी महिनोन् महिने रिकाम्या खणावर खूण करत बसलो होतो. मी ओरडलो. आईवर इतका कधी ओरडलो नव्हतो. "मेंदूत रक्तस्राव होईल म्हणालेत डॉक्टर! कळतं का तुला?"

"माहीत आहे. दार उघडंच होतं त्या दिवशी."

ती पलंगावर बसली, डबी मांडीवर धरून.

"तुझंही वाढलंय ना? कंपनीतला तपासणीचा कागद पँटच्या खिशात होता. धुताना सापडला."

तो कागद मी तिच्यापासून लपवला होता. खरं तर स्वतःपासूनही. डॉक्टरकडे गेलोच नव्हतो, मला भीती वाटत होती.

"माझी गोळी वेगळी असेल, आई," मी म्हणालो. "आणि या अशा कापून ठेवलेल्या टिकतात का?"

"नसतील टिकत. काहीतरी असावं घरात." ती डबीकडेच बघत होती. "बाबांच्या वेळी इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन तू तीन दिवस पळालास. द्वारका, शालिमार, पंचवटी, जिथं दुकान उघडं दिसलं तिथं. तुझ्यासाठी पळणारं कोण आहे? मी तेव्हा नसेन."

मी खाली फरशीवर बसलो आणि रडलो. तिने डोक्यावरून हात फिरवला नाही, तसली ती नाहीच. थोड्या वेळाने म्हणाली, "तू डॉक्टरांना दाखव. मग मी अख्खी घेते."

"उद्या जातो."

"उद्या नाही. आत्ता फोन लाव."

रविवार होता, दवाखाना बंद होता, हे तिलाही माहीत होतं. तरी तिने माझा हात धरला आणि मी तिच्यासमोर नंबर लावला. पलीकडे बेल वाजत राहिली. कोणी उचललं नाही, आणि तिने माझा हातही सोडला नाही.