कुणाचाच नसलेला बॅज

१२ मार्च १९९६, सकाळचे सव्वादहा. तेव्हा मला जे कळले, ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही.

तळवलीजवळच्या एका कंपनीत मी किरणोत्सार सुरक्षा अधिकारी होते. आमची माणसे किरणोत्सारी स्रोत वापरून पाइपांचे जोड तपासत. प्रत्येकाच्या छातीवर बॅज. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जाई आणि शरीराला किरणोत्साराची किती मात्रा मिळाली ते कळे. सोबत आणखी एक बॅज जाई — कुणाचाच नसलेला. तो स्रोतापासून दूर ठेवायचा. त्यावर उमटते ते केवळ निसर्गातले, म्हणून तेवढे सगळ्यांच्या मात्रेतून वजा करतात.

बढतीबरोबर मला नवी केबिन मिळाली आणि तो बॅज मी तिथल्या कपाटात टांगला. सगळ्यांचे आकडे उतरले. साहेब खूश झाले. परदेशातल्या प्रशिक्षणासाठी माझे नाव गेले.

त्या सकाळी मापक घेऊन कपाटाशी उभी राहिले — सहजच — आणि काटा चढला. भिंतीपलीकडे स्रोतांची कोठी होती; तिथले किरण तो बॅज टिपत होता आणि तेवढे सगळ्यांच्या मात्रेतून जास्तीचे वजा होत होते. हे आधी का तपासले नाही? ती चूक होती. मी सांगते आहे ते त्यानंतरचे.

हिशेब पुन्हा केला. जोड तपासणाऱ्या सर्जेरावांची मागच्या तिमाहीची मात्रा तीन मिलिसिव्हर्टच्या वर जात होती. कंपनीच्या नियमाने त्यांना लगेच स्रोतापासून दूर ठेवायला हवे होते. प्रयोगशाळेला एक पत्र पुरेसे होते. पण मग माझे नाव —? पत्र लिहिले नाही.

दुपारी तेच आले. सर्जेराव साताऱ्याकडचे, सतत थट्टेत बोलणारे.

"मॅडम, बिल्ला गप हाय न्हवं आमचा? का बसवताय आता गेटवर, वाचमन करून?" मग जरा थांबून, "मोठ्या कामाला नाव लावलंय. जाऊ न्हवं बिनघोर?"

"जा," मी म्हणाले.

आवाज कापला का? नाही. काहीच वाटले नाही — आजही फारसे वाटत नाही.

त्या कामावर ते आठवडेच्या आठवडे स्रोत हाताळत होते. बॅज कपाटातच राहिला. पुढे त्यांचे काय झाले? मी कधी विचारले नाही. विचारता आले असते.

परदेशी निघण्यापूर्वी त्या कामाच्या तिमाहीचा आकडा आला. सर्जेरावांच्या नावापुढे तो मीच उतरवला, सही केली: ०.१५ मिलिसिव्हर्ट.