आक्कांचा दुसरा रिमोट

भाडेकरू कसा पारखावा याची पुण्यातल्या घरमालकांकडे आपापली शास्त्रं असतात. कुणी आडनाव विचारतं, कुणी मटण खाता का विचारतं, कुणी लग्न कधी करणार असा प्रश्न टाकून बघतं. आमच्या धायरीच्या आक्का यांतलं काहीच विचारत नसत. वर्ध्याहून आलेली मी, हिंजवडीतल्या पहिल्यावहिल्या नोकरीच्या आनंदात त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला चपला बाहेर काढायला लावल्या, टीव्हीसमोरच्या सतरंजीवर बसवलं आणि व्हिडिओ गेमचा दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. "खेळ," म्हणाल्या. घरात एखादं लहान मूल असेल, त्याला रमवायचं असेल, असं मला वाटलं. पण आक्का स्वतःच नऊवारीचा पदर खोचून, एक गुडघा उभा करून माझ्या शेजारी बसल्या.

गेम जुना, रणगाड्यांचा. पडद्याच्या तळाशी मधोमध विटांचं कुंपण घातलेलं एक छोटं घर असतं. वरून शत्रूचे रणगाडे विटा फोडत खाली येतात आणि दोघांनी मिळून ते घर राखायचं असतं. आपला रणगाडा फुटला तर नवा मिळतो, असे दोन-तीन जीव असतात. पण घराला एक गोळा लागला की सगळं तिथंच संपलं, मग तुमचे कितीही जीव शिल्लक असोत. आक्का शत्रूच्या रणगाड्यांना बिल्डर म्हणत. "आला बघ बिल्डर डावीकडनं! हाण!" असं ओरडत त्या स्वतः वर घुसल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच रिमोट धरलेला. घाबरून घरापाशीच खिळून उभी राहिले आणि जवळ येईल त्याच्यावर बटण दाबत राहिले. खेळ संपल्यावर आक्कांनी निकाल दिला, "हात जड हाय तुजा. पन घर सोडून पळत न्हाईस. जा, सामान आन."

अशी मी त्यांची भाडेकरीण झाले. वर्धा आणि नागपूर यांत अंतर आहे हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं, पण त्यांच्या लेखी दौंडाच्या पलीकडचं सगळं नागपूरच होतं. त्यामुळे माझं नावही नागपूरच पडलं. "ए नागपूर, च्या घेतीस का?" अशी हाक जिन्यातून यायची. एकदा त्यांनी विचारलं की त्या हिंजवडीला एवढी गाडी भरून माणसं नेतात, तिथं तू नेमकं करतीस काय. मी टेस्टर. सोपं करून सांगितलं, की दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते. आक्का म्हणाल्या, "म्हंजी लगीन न होताच सासू झालीस म्हन की."

व्हिडिओ गेम त्यांच्या घरात आला तो रानाच्या बदल्यात. ओढ्याकडची जमीन इमारतींसाठी गेली, तेव्हा त्या घरात एकाच महिन्यात फ्रीज, मोटरसायकल आणि मुलासाठी हा व्हिडिओ गेम आला. मुलगा, दिलीप, थोडे दिवस खेळला आणि मोटरसायकलच्या वयाचा झाला. राहिल्या आक्का. जन्मभर खुरपं चालवलेला हात. दुपारी भांडीकुंडी आटोपली की रानात जायची वेळ व्हायची आणि रान तर नव्हतं. "पयल्यांदा बरं वाटलं. चार-आठ रोज," त्या सांगत. "मग हात वळवळाय लागले. कुनाच्या तरी दारातलं गवात उपटाय जायाची मी, येड्यावानी." एके दुपारी त्यांनी मुलाचा रिमोट उचलला तो उचललाच.

दुसरा रिमोट मालकांचा. मालक म्हणजे आक्कांचे यजमान. मी त्यांना पाहिलं नाही, मी यायच्या आधीच ते गेले होते. पण आक्का त्यांच्याविषयी जे सांगत, ते ऐकून मला नेहमी गलबलून यायचं. एवढा संसार झाला, पण सासू-सासऱ्यांच्या घरात, दिरा-जावांच्या गर्दीत दोघं कधी शेजारी शेजारी बसले नव्हते. रानात ते पुढं आणि ह्या मागं. लग्नकार्यात ते पुरुषांत आणि ह्या चुलीपाशी. "शेजारी बसलो ते ह्या खेळासाठी," आक्का अगदी सहज सांगत. "त्यांचा सोभाव गरीब. ते घरापाशी उभं ऱ्हायचं आन मी वर जायाची बिल्डरास्नी हानाय. खऱ्यात त्यांनी वाघासारखं भांडाया पायजे हुतं, तवा भांडले न्हाईत. खेळात मातुर घर कदी जाऊ दिलं न्हाई." मालक गेल्यावर त्यांच्या जागी कुणीतरी लागणार होतं. दिलीपला वेळ नव्हता, सुनेला ते ठोठो आवाज सहन होत नसत. म्हणून भाडेकरू. वरच्या खोलीला भाडेकरू लागतो म्हणून आक्का गेम खेळवत नसत, गेमला जोडीदार लागतो म्हणून त्यांनी वरची खोली भाड्यानं काढली होती!

खंडेनवमीला त्यांच्याकडे पाटावर कोयता, खुरपं, विळा अशी हत्यारं मांडली जात. त्यांच्याच रांगेत तो व्हिडिओ गेम आणि त्याचे दोन्ही रिमोट. सगळ्यांना सारखं हळदकुंकू, सारखंच झेंडूचं फूल. पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. आक्का शांतपणे म्हणाल्या, "हातात धरून ज्यानं आपन दिस काढतो, ते हत्यार. तुजं काय आसंल ते आन खाली." मी निमूटपणे वर गेले आणि माझा कंपनीचा लॅपटॉप आणून विळ्याशेजारी ठेवला.

खेळाच्या बाबतीत त्या कडक होत्या. माझ्या ऑफिसमधल्या एका मुलानं सांगितलं की अशा गेमसाठी चीटचं यंत्र मिळतं, ते लावलं की आपण मरतच नाही. मी हौसेनं ही बातमी आक्कांना दिली, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुधात पाणी घालायला सांगितलं होतं. "रडीचा डाव मी पोटच्या पोराला खेळू दिला न्हाई, नागपूर. मेलं तर मेलं म्हनायचं, आन फिरून मांडायचा."

आणि मग आक्कांना झटका आला. अंगाचा उजवा भाग लुळा पडला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बोलणं पूर्वीसारखं होतं, पाय ओढत का होईना चालता येत होतं, पण उजव्या हातात जीव नव्हता. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी रोज बजावून जायची की बोटं हलवत राहा, नाहीतर हात असाच राहील. आक्का ती जाईपर्यंत हो हो म्हणत आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहत. त्यातच लोडशेडिंगनंतर वीज परत आली ती जास्त दाबानं आली आणि जुना व्हिडिओ गेमही जळाला. "बरं झालं," आक्का म्हणाल्या. "दोगं संगंच गेलो." ह्या बाई आता उठणार नाहीत, अशी मला खरोखरच भीती वाटली.

पुढच्या शनिवारी मी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. आक्कांचा गेम चालेल असं यंत्र कुणाकडेच नव्हतं. ज्याला विचारावं तो नव्या यंत्रावरच्या मोटारींच्या शर्यती दाखवायचा. "जुनं कोण खेळतं आता, मॅडम?" असं एकानं विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरमालकीणबाई. शेवटी एका दुकानदाराला दया आली. त्यानं नवं यंत्र दिलं आणि सोबत दोन डिस्क दिल्या. एकीत जुने गेम होते, नव्या यंत्रावर चालतील असे बसवलेले. दुसरी डिस्क चीटची होती. ती आधी घालायची, हवा तो चीट निवडायचा आणि मग गेमची डिस्क लावायची. मी दोन्ही घेतल्या. डाव्या अंगठ्यानं रणगाडा हलवता येतो, पण गोळी मारायला उजवाच लागतो, हे माझ्या डोक्यात होतं. आक्कांचा उजवा अंगठा हलेपर्यंत त्यांचे सगळे जीव संपले असते.

चीट म्हटल्यावर त्यांनी मान फिरवली. त्या वेळी खिडकीखालच्या पार्किंगमध्ये पोरांचा पकडापकडीचा डाव रंगला होता आणि त्यांतलं सगळ्यांत छोटं कार्टं तिसऱ्यांदा आऊट होऊनही खुशाल पळत होतं. मी म्हटलं, "आक्का, तो पोरगा बघा. त्याच्यावर राज्य काहून येत नाही?"

"लिंबूटिंबू हाय त्यो."

"मग तुम्ही पण थोडे दिवस लिंबूटिंबू व्हा. लिंबूटिंबू रडी खेळतो असं कोण म्हणतं?"

आक्कांनी मान वळवून खिडकीतून त्या पोराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हात चालंस्तवर. फुडं न्हाई."

नवा रिमोट त्यांना आवडला नाही. "ह्याला बटनं का फोडं?" असं त्यांनी विचारलं. पण रोज मी ऑफिसातून आले की आम्ही बसू लागलो. आक्का गोळ्या खायच्या, पण मरायच्या नाहीत. सुरुवातीला त्या डाव्या हातानं उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवत. एक गोळी सुटायला एवढा वेळ लागे की मला तिकडे बघवत नसे. मग हळूहळू अंगठा आपण होऊन दबायला लागला. व्यायामाच्या मुलीलाही फरक दिसला. आक्का वर घुसून बिल्डरांना झोडपू लागल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा जिन्यापर्यंत ऐकू यायला लागला.

एका रविवारी दुपारी आम्ही फारच रंगात आलो. मरायचंच नाही म्हटल्यावर मीही घर सोडून वर गेले. दोघी मिळून पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला धुमाकूळ घालत होतो. तेवढ्यात खाली ठप्प असा आवाज आला आणि खेळ थांबला. एक बिल्डर कधीच बाजूनं खाली सरकला होता. चीटनं आमचे जीव न संपणारे केले होते, घर मात्र पूर्वीइतकंच कच्चं होतं. हे मला, पगार घेऊन चुका काढणाऱ्या बाईला, सुचलंच नव्हतं.

मला वाटलं आक्का हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"मी हाय तशी हाय आन घर गेलं," त्या म्हणाल्या. "मरायचं भ्याव गेलं की ध्यान ऱ्हात न्हाई गं. काढ ते चीट."

"आक्का, हात अजून पुरता..."

"काढ म्हन्ते ना. मला मरू दे."

मी चीट काढला. पहिल्याच फेरीत आक्कांचा रणगाडा फुटला. "मेले!" त्या एवढ्या आनंदानं ओरडल्या की सून मनीषा हातातलं लाटणं घेऊन धावत आली. "मेले की गं मी, मनीषा!" तोवर आक्का पुढच्या रणगाड्यासाठी सरसावून बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या नाहीत.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात नव्हते. दिलीपदादांनी फोनवर विचारलं, तुम्हाला काही हवं आहे का. मी जळलेल्या जुन्या व्हिडिओ गेमचा दुसरा रिमोट मागून घेतला. खंडेनवमीला मी तो लॅपटॉपशेजारी मांडते आणि दोन्हींना हळदकुंकू लावते. घरातले हसतात, मी हसू देते.

पण त्यांची आठवण आली की मला दिसतो तो मी धायरी सोडली तो रविवार. कंपनीनं मला बेंगळुरूला पाठवलं होतं. सामान खाली टेम्पोत चढत होतं. मोठ्या पगाराची, मोठ्या शहराची मला धास्ती वाटत होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, आक्कांना तर नाहीच. त्यांनी मला शेवटचा एक डाव टाकायला बसवलं. मी सवयीनं माझा रणगाडा घरापाशी नेऊन उभा केला, मालकांच्या जागेवर. आक्का वर जातील म्हणून थांबले. त्या गेल्या नाहीत. आपला रणगाडा हळूहळू मागे घेत त्या माझ्याशेजारी आल्या आणि माझ्या रणगाड्याला ढुसण्या देऊ लागल्या.

"सरक," म्हणाल्या. "आज घरापाशी मी हाय. तू जा फुडं."

मी वर गेले. दोन विटांच्या भिंती ओलांडल्या आणि राहवेना म्हणून खाली त्यांच्या रणगाड्याकडे नजर टाकली.

"मागं काय बघतीस, नागपूर?" आक्का ओरडल्या. "हान की!"