नानांचं अपील

नाना खोटं बोलत नसत, एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणी विचारलं नसतानाही ते खरं सांगत. आखातात, जनाबियातल्या आमच्या कंपाउंडचे ते ड्रायव्हर, मूळचे गुहागरकडचे. चार घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे असत.

त्यांचा सचिन शिकायला इंग्लंडला गेला आणि एका बाईंच्या बंद घरात शिरून दागिने चोरल्याबद्दल पकडला गेला. त्याने गुन्हा कबूल केला. तीन वर्षांची कैद झाली. शिक्षा जास्त झाली, असं त्याच्या वकीलबाईंचं मत. पण अपिलाचा अर्ज अठ्ठावीस दिवसांत करायचा होता. माझं इंग्रजी बरं, म्हणून नाना फोन घेऊन माझ्याकडे आले. मी बजावलं, "इथे कुणाला सांगू नका." दुसऱ्या सकाळी हे चारही दारांत किल्ल्या घेऊन हजर! "मुलगा घरफोडीत आत आहे. किल्ली माझ्याकडे ठेवायची का, तुम्ही ठरवा." तिघांनी त्यांनाच परत दिली. एकाने घेतली ती घेतलीच.

वकीलबाईंना अर्जासोबत वडिलांचं पत्र हवं होतं. मी लिहिलं, मुलगा स्वभावाने सरळ आहे. नानांनी खोडायला लावलं.

"सरळ कसला? बहिणीचे पैंजण विकले होते त्याने. ते लिहा."

"अहो, आपण शिक्षा कमी करायला निघालोय!"

"खरं लिहून होईल तेवढीच कमी होऊ दे."

असे सात मसुदे झाले. "उद्या नक्की करू, इंशाल्ला," असं नाना इथल्या सवयीने म्हणाले की माझं डोकं फिरे. पत्र सव्विसाव्या दिवशी गेलं, पैंजणांसकट.

काही महिन्यांनी अपील कोर्टाने सहा महिने कमी केले. गुन्हा कबूल केल्याबद्दलची सूट आधी पुरती मिळाली नव्हती, एवढंच कारण. निकालात पत्राचा उल्लेखसुद्धा नाही. मी चिडून तसं सांगितलं, तर नाना विचारतात, "त्या बाईंचे दागिने मिळाले का, ते लिहिलंय?" मी कपाळावर हात मारला.

शिक्षा भोगल्यावर सचिनला थेट भारतात पाठवणार होते. नानांनी नोकरीच सोडली.

"नुसती रजा घ्या ना!"

"रजा संपते, वहिनी," म्हणाले आणि गेले.

पुढे एकदा सचिनचाच फोन आला. "काकू, ते पत्र वकीलबाईंनी मला दाखवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, तो सुटला की न्यायला मी जाईन."

"हो. मुंबईला विमानतळावर आले होते ना?"

"सकाळपासून उभे होते. माझ्याबद्दलचं बाकी सगळं खरं होतं, काकू. म्हणून तेही खरं धरून मी आत दिवस काढले."